ड्राइव्हमधला आईचा आवाज

इकडे परदेशात, ल्यूकन गावातल्या आमच्या घरातलं प्रेस, म्हणजे आपलं कपाट हो, आवरताना आज जुनी हार्ड ड्राइव्ह हाती आली. उगाच कॉम्प्युटरला लावली. तापल्यावर तिला तोच प्लास्टिकचा वास आला आणि एक जुना रविवार समोर उभा राहिला.

तेव्हा मी व्हिडिओ एडिटिंग शिकत होते, आपलं आपणच. कॅमेऱ्यातली कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना दरवेळी एकोणीस मिनिटांनी काम थांबायचं. कॅप्चरची सगळी सेटिंग्ज बदलून झाली. शेवटी कळलं, या ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये मोठी फाइल मावतच नाही. मी उत्साहाने फॉरमॅट बदललं आणि ड्राइव्ह रिकामी झाली. तिच्यात माझ्या गेलेल्या आईचं एकुलतं एक रेकॉर्डिंग होतं. मूळ कॅसेट? वाया कशाला घालवायची, म्हणून मीच तिच्यावर जवळच्या टॅला गावातल्या मराठी मंडळींच्या गणपतीचं शूटिंग केलं होतं!

मी रडायला लागले. हे खुर्ची ओढून शेजारी बसले. "अगं, रडतेस काय? सासूबाई मला पाठ आहेत." आणि पदर सावरल्यासारखं करत, थेट आईच्या सुरात म्हणाले, "जावईबापू, लाजू नका. आमच्या मुलीच्या हातची पोळी रोज खाताच, आज चांगली खा!"

रडतारडता मला हसू फुटलं.

मग वर्षानुवर्षं, मी रुसले की हे आईच्या आवाजात बोलायचे. यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या रविवारी वाटलं होतं, आईचा आवाज मी घालवला. पण नाही हो, तो यांच्याबरोबर गेला.