घंट्यांमधलं तणस

सूर्याचासुद्धा आवाज रेडिओवर पकडता येतो, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी नागपुरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. सातवीत शाळा सुटलेला, रत्नागिरीकडून इतक्या लांब आलेला माणूस. मला वाटलं, गंमत करतायत. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी मला शेजारी बसवून चहा पाजला आणि "येता का माझ्याबरोबर?" असं विचारलं. दुकानात मला 'तुम्ही' कुणी म्हणत नसे. त्या 'येता का'साठी मी कुठंही गेलो असतो.

गेलो ते अर्जुनी-मोरगावकडे. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडायचा. गोंदियाला छोट्या रेल्वेगाडीत बांबू, तारा आणि पेट्या चढवताना हमाल म्हणाला, "सर्कस है क्या भैया? शेर किधर है?"

सरांना पूर्वेकडे पसरलेलं मोठं तळं हवं होतं, आणि काठाला टेकडी. या भागात तळ्यांना काय तोटा! टेकडीवर आम्ही एरियल उभा केला. सरांचं म्हणणं असं, की उगवत्या सूर्याच्या लहरी एरियलवर थेट येतात, तशाच पाण्यावर आपटूनही येतात. दोन्ही जुळल्या की जोर वाढतो, एकमेकींना अडल्या की घटतो. म्हणजे सूर्य चढत जाईल तसं यंत्राचं पेन कागदावर लाट काढणार. डोंगर, दरी, पुन्हा डोंगर. त्या वर्षी सूर्यावर डागही भरपूर होते, त्यामुळे आवाज चांगला मोठा यायला हवा होता.

यायचा, पण त्याचबरोबर भलतंच काहीतरी यायचं. उजाडलं की यंत्रात करकर सुरू, आणि कागदावर लाटेऐवजी नुसती काळी दाढी उगवायची. मी सगळे सांधे पुन्हा डागले, व्हॉल्व्ह बदलले. करकर तशीच.

अशात मुंबईहून मोठे प्रोफेसर आले. रिसीव्हर त्यांच्या संस्थेचा होता. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, उद्या सकाळी लाट दिसली तर काम चालू ठेवा, नाहीतर सामान बांधा. सामानाबरोबर मीही बांधला जाणार, हे मला वेगळं सांगायला नको होतं. दुकानात माझ्या जागी दुसरा बसला होता.

संध्याकाळी मी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसलो. ज्या घराण्यानं हे तळं बांधलं, त्यातले म्हातारेबुवा पाणी बघायला आले. तळ्याचा कारभार त्यांच्याकडे.

"काऊन गा रेडिओवाले, तोंड असं काऊन केलं?"

मी सगळं सांगितलं. सूर्याचा आवाज फार बारीक असतो, मध्ये दुसराच आवाज येतो, आणि उद्या शेवटची सकाळ.

म्हातारेबुवांनी पाळीवर काठी टेकली. "पाळीतून पाणी झिरपून रायलं असन, तं आमी काय करतो? गाव चूप करतो. मंग मातीले कान लावतो. बारीक आवाज आयकाचा तं दुसरा उपाय नाई."

मलाही ते अगदी पटलं. इतके दिवस मला हे सुचलं कसं नाही!

सकाळी टेकडीवर प्रोफेसर, सर आणि मी. म्हातारेबुवा थोडे खाली, दगडावर. खाली गाव, पण गावाचा आवाजच नाही. बैल पाण्यावर आले, तर त्यांच्या गळ्यातल्या घंट्यांत धानाचं तणस कोंबलेलं. कोंबडे टोपल्यांखाली. बायका घागरी भरून घेत होत्या त्या ओठांवर बोट ठेवून, आणि मधेच हसू फुटलं की पदर तोंडात. प्रोफेसरांनी मला विचारलं, "गावात काही झालं का?" मी घाबरून नकारार्थी मान हलवली.

सूर्य पाण्यातून वर आला. पेन हललं, वर चढलं. पेन थांबलं आणि खाली उतरू लागलं, हळूहळू, गुळगुळीत. मग पुन्हा वर! दाढी नाही, एक केससुद्धा नाही. सरांनी माझा दंड इतका जोरात धरला की दुखलं. "बघा! बघा! पाणी बोलतंय हो!" प्रोफेसर कागदावर ओणवे झाले, चष्मा घसरला तरी त्यांनी सावरला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तो कागद दिसेना.

लाटा चांगल्या उमटल्यावर मी म्हातारेबुवांना खूण केली. त्यांनी पंचा हलवला, आणि गाव फुटलं! पोरं ओरडली, कोंबडे आरवले, कुणी तर थाळी बडवली. मी धावत यंत्राकडे गेलो. आता लाट मोडणार! पेन मात्र आपल्या चालीनं वर चढत होतं. थाळीचं त्याला काही नव्हतंच.

आणि मग खालची धानगिरणी सुरू झाली. इंजिन धडधडलं आणि त्याच दमात पेननं कागद काळा केला.

सरांनी कपाळावर हात मारला. "डायनॅमो!" गिरणीच्या इंजिनावर एक छोटा डायनॅमो होता. त्याच्या ठिणग्यांची ही करकर. आमच्या बॅटऱ्या भरायच्या त्याच डायनॅमोवर, म्हणून उपकारकर्त्यावर संशय कोण घेणार? गाव चूप म्हणून गिरणीमालक शेठनं गिरणीही थांबवली होती, एवढंच.

आम्ही खाली जाऊन सांगितलं, तेव्हा शेठ खळखळून हसला. "अरे भई, पहले बोलते! सुबह डायनॅमो का पट्टा उतार देंगे, बॅटरी दोपहर को." प्रोफेसरही हसले. जाताना सरांना म्हणाले, "सामान राहू दे. आणि यांनाही." 'यांना' म्हणजे मला.

त्या आनंदात मी पळत पाळीवर गेलो. म्हातारेबुवांना सांगितलं, आवाजाचा काही संबंध नव्हता, बुवा, ठिणग्या होत्या ठिणग्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग काय बोलला सूर्य?"

"राहा म्हणाला."

"बरं झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता पेन लाट काढत होतं. टेकडीखालून म्हातारेबुवा आपली बैलजोडी घेऊन चालले होते. घंट्यांत तणस होतंच. मी वरून ओरडलो, "अहो बुवा, आता नको ते!"

त्यांनी वर बघून मलाच ओठांवर बोट ठेवून दाखवलं.