मेरीअक्कांची धुरी

आज लेकीने तान्ह्या नातीला न्हाऊ घालून सांब्राणीची धुरी दिली, आणि त्या वासासरशी मी दक्षिणेतल्या आवडी गावच्या जुन्या क्वार्टर्समध्ये जाऊन पोचले.

तेव्हा ही लेकच महिन्याची होती, उजवं पाऊल आत वळलेलं. शेजारच्या मेरीअक्का तिला धुरी देत होत्या. त्यांचा भाऊ सहज म्हणाला, “माणूस जन्मतःच पापी असतो.” मी मान खाली घातली. मागल्या जन्मीचं पाप, हे सासरी ऐकून झालंच होतं.

अक्का उसळल्या, “देवाने माणूस स्वतःसारखा घडवला, हेही त्याच बायबलात वाचतोस ना? मग हे पाऊलसुद्धा त्याच्यासारखंच!” त्यांनी त्या पावलाचा मुका घेतला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आज नात लेकीच्या लांब केलेल्या पायांवर पालथी निजली होती. वळलेल्या पावलाच्या खळग्यात तिचं डोकं अगदी नेमकं बसलं होतं.