आबांचे तिरपे दगड

आमच्या शिवाररस्त्याच्या उतारावर, ठरावीक पावलांवर, दगडांच्या तिरप्या ओळी पुरलेल्या होत्या. पुरणारे आबा, गल्लीतले म्हातारे, नात्याने कुणाचेच नव्हेत. वाहतं पाणी त्या ओळीशी अडून कडेच्या गवतात वळायचं. ट्रॅक्टर मात्र दर ओळीला आदळायचा आणि कापूस वेचून त्यातून परतणाऱ्या बाया आबांचा उद्धार करायच्या.

मी 'रस्ता मोकळा करा' असं पत्रक काढलं. पारोळ्यात छापलं, बाजारच्या दिवशी वाटलं. त्यात दर वर्षी नांगराचं एक तास रस्त्यात घुसवून शेत वाढवणाऱ्यांना झोडपलं, ते आजही मागे घेत नाही. पण त्याच यादीत आबांचे दगडही घातले. अडथळा म्हणजे अडथळा! आम्ही चौघांनी ते टिकावाने उपटले. आबा बघत होते.

"पानीले सांगी ठेवं का भाऊ, आते कोठे जावानं ते?"

"आबा, पाण्यालाही पत्रक देऊ," मी म्हणालो. सगळे हसले.

मग रस्त्याचं सरकारी काम निघालं; ठेकेदाराने मुरूम टाकला, गटार काढलंच नाही. उपटलेल्या दगडांचा आम्ही चौथरा बांधला, त्यावर आमच्या मंडळाचा फलक लावला आणि तिथे उभं राहून मी भाषण ठोकलं. आबा त्याच हिवाळ्यात गेले.

दुसऱ्या पावसाळ्यात चाकोरीची घळ झाली, गुडघाभर खोल. पाणी सरळ खाली सुटलं आणि वळणावर अक्कांच्या शेतात शिरलं, पाठोपाठ घळही शेतात घुसली. अक्का एकट्या, त्यांच्याकडे तेवढीच जमीन आणि एकच विहीर. घळीच्या तोंडापासून विहीर तेव्हा बावीस पावलं होती. या श्रावणात मी मोजली, नऊ. रस्त्याचं काम काढणाऱ्या कचेरीत गेलो, तर तिथल्या साहेबांनी फाइल उघडून दाखवली: काम समाधानकारक. कुणाचं समाधान, विचारलं. चहा मागवला त्यांनी.

मग मी चौथरा फोडला. दगड पुन्हा तिरपे पुरले. अक्का बांधावरून म्हणाल्या, "चौथरा ऱ्हाऊ देता ना रे. आते भाषण कथाईन देशी?"

दगड रस्त्यावर होते, पाणी आता रस्त्यावर नव्हतंच. ते घळीतून शेताच्या पोटात उतरलं होतं.

काल अक्कांनी विहिरीतून बादली ओढली. पाणी तांबूस, गढूळ. दोघं वाकून बघत होतो, तेवढ्यात विहिरीच्या आतल्या कडेचं मातीचं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. थोड्या वेळाने दुसरं. सोनगीरच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं.

"मागे सरक," अक्का म्हणाल्या.