सातपाटीत मासाच नाय!

एम.एस्सी.च्या प्रबंधात नाव छापून आलेला मच्छीमार सातपाटीत मी एकटाच. छापलंय ते खोटी माहिती कशी मिळते त्या पानावर. मला वाचता येत नाय, माज्या पोरीनं, भाविकानं वाचून दाखवलं, तेबी हसत हसत. ते छापायला लावणारे आमच्या भाविकाचे म्हात्रे सर सा महिन्यांमागं गेले. मी बोलतोय, भाविका लिवतेय. मदीच कुटं शुद्ध वाटलं तर माजा दोष नाय.

बातमी आली तवा मी बोटीवर जाळं शिवत होतो. पोरीचा फोन, "बाबा, सर गेले." माणूस गेल्यावर काय बोलावं ते मला येतं, गावात मयतीला मीच पुढं असतो. पण तोंडातनं निघालं, "प्रबंधावर सई करून गेले काय?" पलीकडं नुस्तं नाक ओढल्याचा आवाज... मंग बोलली, "कालच केली." आणि मी सुटलो. सरांच्या सईबिगर तोंडी परीक्षा नाय, परीक्षेबिगर पदवी नाय, आणि पदवीबिगर बोईसरच्या कंपनीतली लॅबची नोकरी नाय. सुटलो, मंग रडू आलं. येवढं आलं की खलाशी इचारतो, "शेट, जाळं लय फाटलंय काय?"

सर सफाळ्याकडचे, भातशेतीवाल्या घरातले. पालघरला कॉलेजात शिकवायचे. मार्क देताना हात येवढा आकडता की पोरं त्यांच्याकडं प्रबंध करायला घाबरायची. दुसऱ्या सरांकडच्या एका पोराला ओ ग्रेड मिळाला, तवा मी त्याच्या बापाला धीर द्यायला त्याच्या घरी गेलो. बोललो, "शून्य पडला तरी जीव लावून घेऊ नका." त्यांनी पेढा दिला. घरी आल्यावर कळलं, ओ म्हंजे सगळ्यात वरचा. पेढा खाल्ला होता, परत कसा देनार?

भाविकाचा प्रबंध आमच्याच बंदरावर होता, कुठल्या बोटीला किती मासा मिळतो त्यावर. ती वही घेऊन बोटी-बोटीवर फिरली. आता आमच्याकडं रीत अशी की समुद्रावरनं आलेल्याला कोणी इचारलं, काय मिळालं, तर बोलायचं, कायच नाय. खरं सांगितलं तर नजर लागते, आणि दुसऱ्या दिवशी धा बोटी तुमच्या मागं त्याच जागेवर. पोरीनं इचारलं म्हणून रीत मोडते काय? सगळ्यांनी सांगितलं, कायच नाय. मी तर बाप, मी सांगितलं, डिझेलचे पैसेपन सुटले नाय. तिनं इमानदारीनं सगळं लिवलं. सरांनी प्रबंध परत केला, वर लिवलं, "सातपाटीत मासाच नाय, तर बाजारात बायका काय विकतात? पुन्हा करा." पोरगी दोन दिवस जेवली नाय.

मला वाटलं, मार्क पापलेटानं वाढतात. एक मोठं पापलेट घेतलं आणि गेलो सरांच्या दारात. सरांनी कल्ला उचलून बगितला. बोलले, "ताजं हाय. आज बरे मिळाले वाटतं?"

मी बोललो, "कुटं सर, कायच नाय."

सर पापलेटाकडं बगायला लागले, मंग माज्याकडं. "हे काय उडत आलं? अहो, तुमच्या ह्या कायच नायमुळंच तुमची पोरगी अडकलीय." पापलेट परत माज्या हातात दिलं. "घरी न्या, तिला करून घाला. उपाशी पोटी काम होत नाय."

मंग ते सोताच बंदरावर यायला लागले. छातीचं दुखणं, चालताना धाप लागायची. एक क्रेट उलटा टाकून बसायचे, पोरगी टब वजन करायची. मधेच एखाद्या बोटवाल्याला इचारायला गेले, तर आमची बायको टोपली खाली ठेवून वराडली, "सर, बाप्यांना काय इचारता? माल आमी विकतो, आमाला इचारा!" सर उटून हसले. पोरीला बोलले, "हे लिव. पयल्या पानावर लिव." आणि माजं नाव मात्र त्या खोट्या माहितीच्या पानावर टाकायला लावलं. मी बोललो, "सर, माजी इज्जत?" तर बोलले, "वाईट उदाहरणपन पक्कं लागतं."

सर गेल्यावर तोंडी परीक्षा झाली. बाहेरनं आलेल्या बाईंनी पोरीला सोलून काढलं, कोलंबी सोलतात तसं. पण सरांनी आदीच येवढं सोललं होतं की सोलायला काय उरलंच नव्हतं. सरांनी जायच्या आदी देऊन ठेवलेले मार्क धरून निकाल लागला, बी प्लस. मी घाबरत इचारलं, "हे तरी चांगलं ना?" बोलली, "बाबा, सरांच्या हातचं हाय. वजन करून दिलंय." आता ती रोज बोईसरला जाते, आणि मी रातचा नीट झोपतो.

तो क्रेट बंदरावर अजून तसाच उलटा हाय. बायका त्याच्यावर टोपलीपन ठेवत नायत. काल समुद्रावरनं आलो आणि दमून टेकलो त्याच्यावर. बायकोनं लांबनं इचारलं, "काय मिळालं?" मनात आलं, सरांच्या जागेवर बसून तरी खरं बोलावं. छाती फुगवून बोललो, "दोन टब बोंबील!"

ती आली, दोनी टबात हात घातला आणि बोलली, "एका टबात नुस्ता बरफ हाय. ऊट तिथनं, ती सरांची जागा हाय."