मासाएबाईंची बदनाम गाडी

मासाए कुनिशिगे यांनी अडतीस वर्षं लिंबं निवडली. इकुची बेटावरच्या बागायतदार संघाच्या शेडमध्ये पट्ट्यावरून लिंबं सरकत यायची. गोमटं उजवीकडे, डागाळलेलं डावीकडे. वाऱ्यानं फांदीवर घासून एखाद्याच्या सालीला नुसता ओरखडा पडला असला तरी ते डावीकडेच जायचं, रसाच्या पिंपात. बाई घरी मात्र डावीकडचीच लिंबं न्यायच्या. शेडमधल्या बायकांना वाटायचं, बाई चिकट आहे. बाईंचं म्हणणं इतकंच होतं की ज्याला चार वारे लागलेत त्याला वास जास्त असतो. अडतीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

साठी झाली, काम सुटलं. त्या वसंतात त्या चष्म्याचा नंबर काढायला ओनोमिचीला गेल्या आणि येताना गाडी घेऊन आल्या. तीही कसली, तर लाल, बुटकी, लांब नाकाची, बसताना गुडघे पोटाशी येतील अशी. मागची दारं कपाटासारखी उलट्या बाजूला उघडणारी. सोळा वर्षांची जुनी, आधीच्या तिघांनी सोडलेली. जुन्या गाड्यांच्या दुकानात ती ओळीच्या अगदी टोकाला उभी होती, आणि दुकानदारानं स्वतःच दोनदा विचारलं, "नक्की हीच ना?"

आमच्या बेटावर ही बातमी गाडीच्या आधी पोचली. ही गाडी किती बदनाम आहे ते इथं शेंबडं पोरही सांगेल. त्यातलं इंजिन आमच्याच हिरोशिमाकडचं, म्हणून नावं ठेवण्याचा पहिला मान आम्ही स्वतःकडे ठेवलाय. पेट्रोल ढोसते, तेल पिते, आणि वर रुसते. सकाळी लावली, दोन पावलं सरकवली, बंद केली, की पुन्हा लागेल तर शपथ. इतर इंजिनांत दट्टे वरखाली होतात. हिच्यात एक तिकोनी फिरकी गोल गोल फिरते. असलं विपरीत काही घेऊन भलं झालेला माणूस कुणी पाहिला नव्हता. बाईंचा धाकटा भाऊ ताकानोरी पलीकडच्या बेटावरच्या गोदीत वेल्डर होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, अगं, मांजर पाळायचं होतंस."

बाई हसल्या. त्यांना काय झालं होतं ते त्यांचं त्यांनाच नीट सांगता येत नव्हतं. त्या गाडीत बसलं की जमीन हाताशी यायची आणि डोंगर उंच व्हायचे. किनाऱ्याच्या रस्त्यानं जाताना लिंबाच्या फुलांचा वास खिडकीतून आत शिरे. समोरची बेटं समुद्रावर ठेवल्यासारखी दिसत, आणि धुकं असलं की ठेवलेलीही नाही, नुसती तरंगणारी. इंजिनाच्या आवाजात ठोके नव्हते, एकसारखी ओढ होती. कधीकधी त्या दुपारी नुसत्याच गाडीत जाऊन बसत, किल्ली न लावता, मांडीवर भाजलेल्या जवाचा थंड चहा घेऊन. आपण कुठेतरी निघालोय, असं त्यांना वाटे. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त हवंसं वाटलं म्हणून घेतलं होतं, आणि ते त्यांना फार आवडत होतं.

आता त्यांची गल्ली. पाच घरं, एकमेकांना खेटून. एका घरात कुणी शिंकलं की दुसऱ्या घरात जेवणारा क्षणभर थांबतो. बाईंची गाडी शेजारच्या मियाची आजोबांच्या पांढऱ्या ट्रकच्या आडवी यायची. म्हणून रोज सकाळी सहाला बाई गाडी सुरू करत, सहा मीटर पुढे घेत, लगेच बंद करत. आजोबांचा ट्रक बागेत गेला की पुन्हा सुरू, सहा मीटर मागे, पुन्हा बंद. बाहेर जायचं असलं तर इंजिन तापायची वाट न बघता चोरपावलांनी गल्लीबाहेर पडत. पायाखालचं पेडल दाबायचं तेही झोपलेल्या बाळाशेजारून जावं तसं.

पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीत फिरतं पत्रक आलं. आमच्याकडे ते फळीला लावून घरोघर जातं. वाचायचं, शिक्का मारायचा, शेजाऱ्याच्या दारात ठेवायचं. त्यात कचऱ्याच्या दिवसांखाली एक ओळ होती: उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची कृपया काळजी घ्यावी. नाव कुणाचंच नव्हतं. नाव नसलं की ते आपलंच, हे आमच्या बेटावरच्या प्रत्येकाला आईच्या पोटातून ठाऊक असतं. बाईंचे कान तापले. शिक्का मारून त्यांनी फळी पुढच्या दारात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी किल्ली फिरवल्यावर श्वाससुद्धा रोखून धरला.

चार वर्षं अशी गेली आणि गाडी बिघडत गेली. आधी महिन्याकाठी एकदा रुसायची, मग आठवड्याला. ताकानोरी पुलावरून यायचा, प्लग काढून पुसायचा, बडबडायचा. गाडी एकदाची लागली आणि गल्लीत धूर झाला की ओरडायचा, "बंद कर, ताई, बंद कर! लोक काय म्हणतील?" बाई झटकन बंद करायच्या.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस सरकारी तपासणीची मुदत संपत होती. ताकानोरीनं परस्पर भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. "रविवारी अकराला ट्रक येईल. चार वर्षं हौस केलीस, पुरे झालं. सगळे सांगत होते ना?"

"तू म्हणशील तसं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. गाडी जाणार याचं दुःख होतंच. पण त्याहून खोल काहीतरी दुखत होतं. एकदाच स्वतःच्या मनानं काही निवडलं, तेही डावीकडचं निघालं.

बुधवारी सुएनागा-सान बांबूचे कोंब द्यायला आले. त्यांची बायको शेडमध्ये बाईंच्या शेजारी उभी राहायची. स्वतः सुएनागा-सान चाळीस वर्षं हिरोशिमाला इंजिनांच्या कारखान्यात होते, हे बाई पार विसरून गेल्या होत्या. म्हाताऱ्यानं कोंबांची पिशवी पायरीवर ठेवली आणि गाडीकडे बघत राहिला.

"ही अजून आहे होय?"

"रविवारपर्यंत," बाई म्हणाल्या. "वाईट गाडी आहे म्हणतात."

"कोण?"

"सगळेच."

"हं. चालवता कशी तुम्ही?"

बाईंनी सांगितलं. सहा मीटर पुढे, सहा मीटर मागे, चोरपावलं, हळू पेडल. सांगताना जरा अभिमानही होता. इतकं जपून या बेटावर कुणी चालवत नसेल. सुएनागा-सान ऐकता ऐकता पायरीवरच बसले.

"कुनिशिगे-सान, राग मानू नका हं. तुम्ही तिला सभ्यपणानं मारताय."

"म्हणजे?"

"थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त घेतं. तापायच्या आत बंद केलंत की ते आत तसंच राहतं, प्लग भिजतात. मग लागणार कशी? आणि रोज असं हळू चालवलं की आत काजळी धरते. फिरकीच्या टोकाच्या पट्ट्या अडकतात, दाब निसटतो. हिला तापू द्यायचं. तापली की ओरडू द्यायचं. रोज एकदा तरी, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेला टेकेपर्यंत."

"लाल रेघ म्हणजे धोका ना?"

"ते बाकीच्या गाड्यांना."

बाई म्हणाल्या, "म्हणजे नावं ठेवतात ते खोटं?"

"निम्मं खरं. पेट्रोल पिते, तेल पिते, त्यात काही खोटं नाही. तो तिचा खुराक. आणि रुसते म्हणतात, ते माणसांमुळे." म्हाताऱ्यानं गुडघा चोळला. "आमचंही चुकलंच. आम्ही ती रागीट माणसांसाठी बनवली आणि विकली आपल्यासारख्या भिडस्तांना. आणि तोंडानं कुणाला काही सांगितलं नाही, भिडेपोटी."

"आता वाचेल?"

"ते मला बाहेरून नाही सांगता येत. थंड असताना लागली तर त्यात काही नाही. चांगली तापवा, पिळून काढा, मग बंद करा. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. तेव्हा लागली तर जीव आहे. लागेना तर पेडल तळाला टेकवून धरा, पेट्रोल तुटतं, आणि किल्ली सोडू नका. तरी नाही लागली, तर रविवारचा ट्रक येऊ द्या."

गुरुवारी मासाएबाईंनी लिंबाच्या केकचे चार डबे कागदात बांधले आणि गल्लीतल्या चार घरी गेल्या. घर बांधायला काढताना, छप्पर उतरवताना जसं आपण आधीच जाऊन माफी मागतो, तसं. पण गाडीच्या आवाजासाठी केक घेऊन गेलेल्या त्या बेटावरच्या पहिल्याच. प्रत्येक दारात कमरेत वाकून एकच वाक्य: "उद्यापासून सकाळी दहा मिनिटं माझ्याकडून गोंगाट होणार आहे, सांभाळून घ्या."

मियाची आजोबांनी डबा घेतला आणि डोळे बारीक केले. "इतकंच? मला वाटलं घर विकताय."

"नाही, मागे पत्रकात आलं होतं ना, म्हणून मी..."

"कुठलं पत्रक?"

"उभ्या गाडीचं इंजिन..."

आजोबा उभ्या उभ्या हसायला लागले, इतके की आतून सून बघायला आली. "अहो, ते मी लिहिलं होतं! त्या वर्षी गल्लीचं काम माझ्याकडे होतं. तो मासळीवाला बर्फाची गाडी अर्धा अर्धा तास चालू ठेवून माझ्या खिडकीखाली गप्पा छाटायचा. त्याचं नाव कसं घालणार? मासे तोच देतो." मग हसू ओसरलं. "चार वर्षं तुम्ही... अरेरे. आणि आम्ही म्हणतोय, कुनिशिगे-सानची गाडी आजारी आहे, विचारलं तर त्यांना वाईट वाटेल."

बाईंना हसावं की रडावं कळेना. घरी येऊन त्यांनी दोन्ही केलं.

शुक्रवारी, शनिवारी गाडी गल्लीत दहा-दहा मिनिटं घुमली आणि कुणाचंही दार आपटलं नाही. रविवारी दहाला ताकानोरी आला, तेव्हाही ती घुमतच होती. त्यानं लांबूनच हात हलवले. "अगं, काय चाललंय? बंद कर!"

"बस आत."

"ट्रक येतोय!"

"अकराला. बस."

बहिणीनं असं कधी सांगितलं नव्हतं, म्हणून असेल, तो बसला. किनाऱ्याचा रस्ता संपून पुलाचा चढ लागला तेव्हा बाईंनी इंजिन तापल्याचा काटा बघून खालचा गिअर टाकला आणि पाय दाबला. इंजिन आधी खोकलं. मागे काळा धूर झाला. मग त्या आवाजातली खरखर निघून गेली आणि तो वर, आणखी वर चढत गेला, लाल रेघेपर्यंत. वेग काही भयंकर नव्हता, आवाज होता. पुलाच्या तारा एकामागून एक मागे गेल्या. खाली समुद्र पांढुरका, वर आकाश तसंच, मध्ये कडा दिसत नव्हती. बाईंना वाटलं, हा रस्ता दुसऱ्या टोकाला टेकतच नसावा. ताकानोरीनं दाराचं हॅंडल घट्ट धरलं होतं आणि तो काहीतरी बोलत होता, पण ऐकू येत नव्हतं.

पलीकडच्या बेटावर, चढावरच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी थांबवली, थोडा वेळ तशीच घुमू दिली आणि बंद केली. एकदम शांत झालं. तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं. बाईंनी भावाला सुएनागा-सान काय म्हणाले ते सांगितलं, सगळं, पत्रकासकट. पत्रकावर तो हसला नाही. घड्याळाकडे बघत दोघं बसून राहिले. खाली एक बोट बेटांच्या मधून गेली.

दहा मिनिटं झाली. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, फिरत राहिलं. लागलं नाही. त्यांनी किल्ली सोडली, पुन्हा फिरवली. काहीच नाही.

"ताई," ताकानोरी हळूच म्हणाला, "ट्रकला इकडेच बोलावू का?" त्यानं फोन काढला. त्याच्याही आवाजात आता जोर नव्हता.

"थांब." बाईंनी पेडल तळाला टेकवलं आणि किल्ली धरून ठेवली. इंजिन फिरत होतं, बॅटरी मंदावत होती, सूर खाली खाली जात होता. बाईंना सवयीनं वाटलं की आता सोडावं, उगाच कशाला, शेजारच्या बाकावर कुणी बसलेलं आहे. त्यांनी सोडली नाही. एक ठोका पडला. मग दुसरा. मग एकदम सगळे मिळून लागले, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि बाकावरचे म्हातारा-म्हातारी खोकत उठून उभे राहिले.

बाईंनी खिडकीतून मान काढून त्यांची माफी मागितली आणि चार वर्षांच्या सवयीचा हात आपोआप किल्लीकडे गेला.

ताकानोरीनं तो वरच्या वर पकडला.

"बंद करू नकोस!" तो ओरडला. "ताई, बंद करू नकोस!"