रोसेंदाची दुसरी माती

आमच्यात माणसाला दोनदा माती देतात. पहिली माती घाईची, रडारडीची. दुसरी दहा-बारा वर्षांनी, सावकाश. हाडं बाहेर काढायची, पुसून स्वच्छ करायची, मडक्यात घालायची आणि आपल्या कुळाच्या दफनभूमीत कायमची ठेवायची. त्यानंतर मेलेलं माणूस खरंखुरं जातं. कुणाच्या स्वप्नात येत नाही, काही मागत नाही. पावसात मिसळून जातं म्हणतात.

सेफेरिना पुशाइनाची आई, रोसेंदा, जाऊन चौदा वर्षं झाली होती. आणि दुसऱ्या मातीचा विषय निघाला की सेफेरिनाला नेमक्या शेळ्या आठवायच्या. "थांबा हं, ती लंगडी कुठं गेली बघते," म्हणत ती उठायची. लंगडी शेळी मरूनही तीन वर्षं झाली होती, तरी तिला बघायला जायची.

त्याला कारण होतं. सेफेरिना नऊ वर्षांची असताना रोसेंदा आमचा ग्वाहिराचा रखरखीत मुलूख सोडून सरहद्दीपलीकडे माराकाइबो शहरात गेली, तिथल्या बाजारात मासे तळायला. यायची वर्षातून एकदा, डिसेंबरात, दोन पिशव्या आणि चार वाक्यं घेऊन. "उंच झालीस. जेवलीस का? मामाचं ऐक. येते." संपलं. पुढच्या डिसेंबरापर्यंत मुलीनं तीच चार वाक्यं चघळायची. पण मेल्यावर, माराकाइबोच्या दफनभूमीतल्या सिमेंटच्या कप्प्यात ठेवल्यावर, बाईला जी वाचा फुटली! आठवड्यातून दोनदा स्वप्नात हजर. आणि बोलणं कसलं, नुसता धबधबा.

सकाळी मांडवाखाली कॉफी उकळत असली की आमच्यात पहिला प्रश्न हाच, रात्री काय पाहिलंस? ब्रिहिदामावशी, रोसेंदाची धाकटी बहीण, वाटी घेऊन समोर येऊन बसायची. मग सेफेरिना जबडा पुढे काढायची, एक हात कमरेवर ठेवायची आणि मासेवालीच्या हेलात सुरू व्हायची, "सेफेरिनाआआ, हा काय झगा म्हणायचा का पोतं? शिवण बघ, शेळीनं चावल्यासारखी! आणि ब्रिहिदाला सांग, मीठ कमी घाल म्हणावं. इथपर्यंत खारट लागतं!" मावशीच्या नाकातून कॉफी बाहेर यायची. "अगदी तीच गं, अगदी तीच! मेली तरी खोड गेली नाही मेलीची."

एक गोष्ट मात्र सेफेरिना सांगत नसे. प्रत्येक स्वप्नाच्या शेवटी आई बडबड थांबवायची, हात पुढे करायची आणि अगदी हळू म्हणायची, "थोडं पाणी दे गं. मातुआचं." मातुआ म्हणजे आमचा ओढा. पाणी द्यायच्या आत जाग यायची. माशाचं शेपूट उडवावं तसा एवढा तुकडा सेफेरिना सकाळी कापून टाकायची. कारण मेलेलं माणूस पुन्हापुन्हा एकच मागत असेल तर त्याचा अर्थ आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतो. मला घरी न्या, असा. आणि आईला एकदा घरी आणून दुसरी माती दिली, की मग स्वप्नात कोण येणार?

असं चाललं होतं, तोवर खाणकंपनीचा फोल्डरवाला आला.

त्याचं नाव अदाल्बेर्तो, पण नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. माणूस राजधानीचा, बोगोताचा, थंड गावचा, पांढऱ्याशुभ्र शर्टातला आणि माफीचा भारी शौकीन. "माफ करा हं, बसू का? माफ करा, ही सावली कुणाची आहे का?" शेळीनं पायावर पाय दिला तर शेळीलाही "माफ करा" म्हणाला. सगळं कुळ मांडवाखाली जमल्यावर त्यानं फोल्डर उघडला, घसा साफ केला आणि आवाज एकदम बदलला. जणू आत रेडिओ लावला.

"माननीय समुदायास कळविण्यात येते की, कोळशाच्या प्रस्तावित खाणीकरिता मातुआ ओढ्याचा प्रवाह साडेतीन किलोमीटर उत्तरेस, सुधारित पात्रात, वळविण्यात येईल."

"सुधारित?" नेमेसिओमामा म्हणाला. मामा म्हणजे रोसेंदाचा थोरला भाऊ, कुळाचा कर्ता. "आत्ताचा काय बिघडलाय?"

"नाही, माफ करा, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं अधिक..."

"दोन खोरी पलीकडं असाच एक ओढा सुधारला. एक पावसाळा वाहिला. आता तिथली माणसं डबे घेऊन टँकरच्या मागं पळतात. सुधारली म्हणायची, म्हातारपणी पळायला शिकली."

"आणि ओढ्याच्या मालकिणीला विचारलंत का?" ब्रिहिदामावशी मध्येच म्हणाली.

फोल्डरवाल्यानं घाईघाईनं पेन काढलं. "मालकीण? माफ करा, आमच्या यादीत नाव नाही. कुठं राहतात त्या?"

"डोहाच्या तळाशी. जा की खाली उतरून. सही देईल. बाप्ये आवडतात तिला, परत सोडत नाही एवढंच."

मांडव हसला. फोल्डरवालाही थोडा हसला, मग चौथ्या पानावर आला. "दफनभूमी. वापरात नाही. अखेरचं दफन एकतीस वर्षांपूर्वी. सबब हलविण्यास अडचण नाही. कंपनी नवी बांधून देईल, सिमेंटची, पत्र्यासकट."

"वापरात नाही म्हणजे? गिऱ्हाईक कमी पडलं काय?" कुणीतरी ओरडलं.

या वेळी कुणी हसलं नाही. कारण कागद खोटं बोलत नव्हता. निम्मं कुळ पोटासाठी सरहद्दीपलीकडं गेलं होतं आणि तिकडंच सिमेंटच्या कप्प्यांत निजलं होतं. आमच्यात जमिनीचा सातबारा नसतो. ज्यांची हाडं ज्या पाण्याकाठी, त्यांचं ते पाणी.

मामानं बराच वेळ काठीनं माती उकरली. मग विचारलं, "आणि वापरात असती तर?"

"तर, माफ करा, तर सगळी पाहणी पहिल्यापासून करावी लागेल. ओढ्यासकट."

सगळ्यांच्या माना सेफेरिनाकडं वळल्या. कुळाची थोरली लेक ती. कुठं कुणाची आई अजून परक्या कप्प्यात आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"थांबा हं," सेफेरिना उठली, "ती लंगडी कुठं..."

"मेली ती!" मावशी कडाडली. "तीन वर्षांपूर्वी खाल्ली आपण तिला!"

दुसऱ्या दिवशी दोघी ओढ्यावर धुणं धूत होत्या. वरच्या अंगाला मोठ्या झाडांची सावली होती, आणि तिथं पाणी दगडांतून वाट काढताना बारीक आवाजात एकसारखं काहीतरी पुटपुटत होतं.

"ओढा नको का तुला?" मावशीनं विचारलं.

"हवाय."

"मग?"

सेफेरिनानं झगा पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. "तिला आणलं की ती जाईल, मावशे. जिवंतपणी मला वर्षाला चार वाक्यं मिळाली. आत्ता कुठं आई मिळालीय. झोपताना वेणी घालते मी, माहितेय? विस्कटलेली दिसले की ती ओरडते. म्हातारी व्हायला आले, आणि आई ओरडेल म्हणून वेणी घालते."

 मावशीनं धोपटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शेवटी काय म्हणते ती?"

"कशाच्या शेवटी?"

"स्वप्नाच्या. दर वेळी शेपूट कापून वाढतेस मला. चौदा वर्षं बिनशेपटीचा मासा खातेय मी. बहीण आहे तिची, मला कळत नाही होय?"

सेफेरिनानं जबडा पुढे काढला नाही, कमरेवर हात ठेवला नाही. तरी आवाज आईचाच आला. "थोडं पाणी दे गं. मातुआचं."

मावशीला हसू आलं नाही. ती ओल्या हातानं डोळे पुसत उठली आणि धुण्याची पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "ती चौदा वर्षं तहानलेली, आणि तू नुसत्या गप्पा मारतेस."

सेफेरिना बसून राहिली. पाय पाण्यात होते, पाणी घोट्यांभोवती फिरून पुढे जात होतं. दुपार कलली तेव्हा ती घरी आली आणि मामाला म्हणाली, "ट्रक सांगा."

माराकाइबोला जायला मातीच्या वाटांनी दीड दिवस लागला. कप्पा फोडून हाडं बाहेर घेणं हे घरच्या बाईचं काम. ते सेफेरिनानंच केलं, आधी डोकं, मग बाकीचं, रीतीप्रमाणं. रोसेंदा इतकी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं. पांढऱ्या कापडातलं गाठोडं तिनं येताना सगळी वाट मांडीवर ठेवलं. सरहद्दीवरच्या शिपायानं काठी लावून विचारलं, "यात काय?"

"आई," ती म्हणाली.

शिपायानं टोपी काढली आणि हातानं ट्रक पुढे काढ म्हणून खूण केली.

मातुआच्या काठी दुसरी माती झाली तेव्हा कुठकुठून माणसं आली. सव्वीस शेळ्या कापल्या. बायका चेहऱ्यावर ओढणी घेऊन रडल्या, आणि ओढणी बाजूला करून घरच्या दारूचा घोट घेत एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत बसल्या. मडकं जागेवर ठेवण्याआधी सेफेरिनानं ओंजळभर पाणी आणून त्याच्या काठावर सोडलं. ते रीतीत नव्हतं. कुणी हटकलं नाही.

ज्या बाईनं हाडांना हात लावला तिनं माती झाल्यावर पहिली रात्र डोळा मिटायचा नाही आणि पाच दिवस कशालाही शिवायचं नाही. ते हात मेलेल्या माणसाचे असतात. तेव्हा सेफेरिना झोपायच्या झुल्यात बसलेली आणि मावशी तिला मक्याची आंबील भरवते आहे, असं चाललं होतं. "आ कर. मोठा आ. पाळण्यात असताना तरी बरी खात होतीस. आता बघ, सांडलंस!"

तिसऱ्या दिवशी दुपारी फोल्डरवाला आला. एवढी माणसं आणि एवढ्या चुली बघून दारातच थबकला.

"माफ करा हं, सेफेरिनाबाई. नव्या दफनभूमीला हरकत नसल्याचा कागद आहे. थोरली लेक म्हणून तुमचा अंगठा लागतो. फक्त अंगठा. दोन मिनिटं."

सेफेरिनानं दोन्ही हात वर धरून दाखवले. बोलली मावशी.

"हे हात अजून दोन दिवस तिचे नाहीत."

"माफ करा, मग कुणाचे?"

"रोसेंदाचे. ओढ्याकाठी आहे ती, जा, विचार. ती हो म्हणाली तर लावून घे अंगठा."

फोल्डरवाल्यानं झुल्याकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. त्याचा रेडिओ काही लागेना. मामानं त्याला हाताला धरून बाकावर बसवलं, पुढ्यात मटणाची ताटली ठेवली, पाहुणा तो पाहुणाच, आणि म्हणाला, "खा आधी. मग चौथं पान काढ. अखेरचं दफन, तीन दिवसांपूर्वी. नाव रोसेंदा पुशाइना. नीट अक्षरात लिही."

त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर, सवयीनं असेल, म्हणाला, "माफ करा."

"तुला कशाला माफ करायचं?" मामा म्हणाला. "मटण खाल्लंस, नाव लिहिलंस. चांगलं काम केलंस आज."

पाहणी पुन्हा पहिल्यापासून होणार असं पुढच्या महिन्यात कळलं. दोन वर्षं लागतील म्हणतात. त्यानंतर काय, ते फोल्डरवाल्यालाही सांगता आलं नाही.

पण ते नंतरचं. पाच दिवस संपले त्या संध्याकाळी मावशीनं सेफेरिनाच्या हातांवर पाणी ओतलं आणि सेफेरिनानं स्वतः केस विंचरून घट्ट वेणी घातली. झोप गाढ लागली. जाग आली तेव्हा ऊन झुल्याच्या दोरीपर्यंत चढलं होतं.

मावशी वाटी घेऊन समोर बसली होती. तिनं विचारलं नाही. सेफेरिनानंच मान हलवली. नाही.

मावशीनं वाटी तिच्या हातात दिली. 

"मीठ बरोबर होतं का गं कालच्या मटणात?" मावशीनं विचारलं.

"बरोबर होतं, मावशे."

मग सेफेरिना उठली आणि शेळ्या घेऊन ओढ्यावर गेली. शेळ्या पोटापर्यंत पाण्यात उतरल्या, माना खाली घालून प्यायल्या, वर येऊन अंग झटकून चरायला पांगल्याही. सेफेरिना पाण्याचं पुटपुटणं ऐकत काठावर उभीच होती.