मास्तरांची मोजणी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक शिकल्याशिवाय बाहेर पडत नसे. नको असलेली वस्तू मास्तर कुणाच्या गळ्यात मारत नसत, हे खरं. पण त्या खरेपणाचा त्यांना असा माज होता, की त्यापेक्षा लबाड दुकानदार परवडला.

त्यांची मुलगी त्याच दुकानात मशीन उघडायला बसे. बावीस वर्षांची, हाताने चपळ, कॉम्प्युटर गेममध्ये भल्याभल्यांना पाणी पाजणारी. पाच जणांच्या एका नावाजलेल्या टीममध्ये जागा रिकामी झाली होती आणि रविवारच्या चाचणीला तिला बोलावणं आलं होतं. आपापलं मशीन घेऊन जायचं होतं. तिच्या मशीनमध्ये जुनी, गरगर फिरणारी हार्ड डिस्क. कपाटात झटपट चालणाऱ्या एसएसडी डिस्कचे खोके रचलेले, पण किल्ली मास्तरांच्या कमरेला, आणि त्यांच्या हुकमाशिवाय तिथला स्क्रूसुद्धा हलत नसे.

"बाबा, रविवारपुरती तरी मला एक एसएसडी द्या ना," ती म्हणाली. चुकलं एवढंच, की चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली.

"ऐकलंत? दिव्याखाली अंधार!" मास्तरांना आयतं मैदान मिळालं. त्यांनी दोन सारखी मशीन शेजारी मांडली, एकात हार्ड डिस्क, दुसऱ्यात एसएसडी, आणि दोन्हींवर तिचाच गेम लावला. गेम उघडेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता, त्यामुळे एक मशीन केव्हाच तयार होऊन दुसऱ्याची वाट बघतंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं उमटतात, ते तो आकडा सांगतो. इकडे साठ, तिकडेही साठ.

"चित्रं काढतं ग्राफिक्स कार्ड. डिस्कचा काय संबंध? नाचता येईना अंगण वाकडं!" गिऱ्हाइकं खो खो हसली.

"मी फ्रेमचं म्हणतच नाहीये. गेम उघडायला..."

"पुरे. बाहेरच्यांना खरं सांगायचं आणि घरच्यांचे खोटे लाड करायचे?"

रविवारी तीन डाव झाले. प्रत्येक डावाला नवं मैदान, आणि ते मशीनमध्ये पुरतं उघडेपर्यंत खेळाडूला आत जाता येत नाही. बाकीचे चौघे दहा सेकंदांत आत. ती मात्र जवळजवळ मिनिटभर पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसे. डाव कुणासाठी थांबत नाही. ती पोचायची तेव्हा तिच्या बाजूचा एखादा गडी आधीच गारद झालेला असायचा. आत गेल्यावर ती जीव तोडून खेळली, शेवटच्या डावात तर एकटीने तिघांना लोळवलं.

"हात झकास आहे तुझा," कॅप्टन म्हणाला, "पण आम्हाला पाच जण हवेत, साडेचार नकोत. बुधवारी राखीव खेळाडू निवडणार आहोत. तोवर मशीन सुधारलंस तर ये."

जेवताना तिने सगळं रडत सांगितलं. मास्तर हातात घास धरून ऐकत राहिले, मधे एकदाही बोलले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ते हात धुवायला उठले तशी आई हळूच म्हणाली, "लागलंय गं त्यांना. उद्या बघ, स्वतःच्या हातानं बसवून देतील." वेड्या पोरीला ते पटलं.

सोमवारी ती दुकानात आली तर तिचं मशीन काउंटरवर मांडलेलं. शेजारी एसएसडीचं मशीन, मधे स्टॉपवॉच, आणि समोर गिऱ्हाइकं.

"फ्रेम वाढत नाहीत, हे मी सांगत आलोच," मास्तर गरजले. "पण उघडायला किती वेळ लागतो, ते कुणी मोजलं? मी मोजलं! या जुन्या डिस्कपायी माझ्या पोरीची निवड हुकली. बस गं, सुरू कर."

ती बसली. दुसरं मशीन नऊ सेकंदांत उघडलं. पुढचे त्रेचाळीस सेकंद लोकांना बघायला तिचं तोंड होतं. काही जण चुकचुकले, एक जण फिसकन हसला, दोघांनी तिथल्या तिथे एसएसडी बसवून घेतली.

गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, बुधवारी राखीव खेळाडूची निवड आहे. आता तरी माझ्यात एक घाला."

मास्तरांना खरोखरच नवल वाटलं. "घालीन की. पण मग लोकांना दाखवू काय?"

बुधवारी तिने ते मशीन अकरा वेळा सुरू करून दाखवलं.